भानुदास खेडकरांचे आशौच

फेल्डहोवन या डच गावात भानुदास खेडकर यांना ओळखणारी माणसे त्यांच्याविषयी बोलू लागली की प्रथम एकच गोष्ट सांगतात : हा माणूस कधी उशिरा आला नाही. एकोणीस वर्षे ते त्या गावी आहेत. संगणकाच्या चिप घडवणाऱ्या यंत्रांचे भाग तयार करणाऱ्या एका लहानशा कंपनीत आरशांची तपासणी करणे हे त्यांचे काम. ज्या दालनात हे काम चालते तिथे पायापासून डोक्यापर्यंत पांढरा पोशाख चढवूनच जावे लागते, कारण धुळीचा एक कण आरशावर बसला तरी महिन्याचे श्रम वाया जातात. ज्याला साधी सर्दी झाली आहे तो त्या दिवशी आपण होऊन बाहेर थांबतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. भानुदासरावांच्या मनाची घडण अशा कामाला फार अनुकूल होती. पावित्र्य ही जपण्याची वस्तू आहे आणि ते जपायचे तर कधी कधी आपण दूर राहायचे असते, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नव्हते.

त्यांच्या घरासमोर, सायकलींच्या तांबड्या वाटेपलीकडे, विटांचे एक छोटे प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिर आहे. एकोणीस वर्षांत ते त्याच्या आत एकदाही गेले नव्हते. नोव्हेंबरातल्या एका सकाळी शेजारच्या ख्रीत्येबाई कुंपणापाशी आल्या. वय शहात्तर, हातात झाडे छाटायची कात्री.

"बानुदास, तुला वाचता येतं ना?"

"काय वाचायचंय?"

"काहीही. फक्त थांबायचं नाही."

मग त्यांनी सगळे सांगितले. ओयुन नावाची एक मंगोलियन स्त्री नवऱ्याच्या छळातून सुटून, दोन वर्षांच्या मुलीला घेऊन या देशात आली होती. आश्रयाचा तिचा अर्ज नऊ वर्षांत चार वेळा फेटाळला गेला. मुलगी नोमिन आता अकरा वर्षांची होती. तिला मातृभाषा मोडकीतोडकीच येत होती, आणि जो देश आपला म्हणून तिला दाखवला जात होता तो तिने पाहिलेला नव्हता. परत पाठवण्याचा हुकूम निघाला त्या संध्याकाळी मंदिराच्या मंडळींनी दोघींना आत घेतले आणि उपासना सुरू केली. उपासना चालू असेतो पोलिसांनी प्रार्थनास्थळात शिरू नये, असा त्या देशाचा कायदा आहे. म्हणून ती उपासना आता संपवायचीच नव्हती. वकिलांनी प्रकरण पुन्हा तपासण्याची विनंती केली होती आणि निकाल मार्चअखेर अपेक्षित होता. तोवर दिवसाचे चोवीस तास एकाने वाचायचे, निदान एकाने ऐकायचे.

"पण मी ख्रिस्ती नाही, ख्रीत्ये."

"ते देवाला माहीत आहे. पोलिसांना सांगू नकोस म्हणजे झालं," ख्रीत्येबाई म्हणाल्या आणि एक फांदी कचकन छाटली.

भानुदासरावांना यात समजावून देण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. पारनेर तालुक्यातल्या त्यांच्या गावी अखंड हरिनामाचा सप्ताह बसत असे. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने पुढे होऊन, वाकून, त्याच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घ्यायची, आणि तेवढ्या क्षणातही नाम तुटू द्यायचे नाही. वयाच्या चौदाव्या वर्षापासून त्यांनी हा पहारा केला होता. प्राचीन काळी ऋषी वर्षानुवर्षे चालणारी सत्रे आरंभीत; त्या सत्रांचेही मर्म हेच, की यज्ञ कुणा एकाचा नसतो आणि म्हणून कुणा एकाच्या थकण्याने तो थांबत नाही. अखंडतेची ही कल्पना सातासमुद्रापलीकडे, एका परक्या उपासनेत, एका मुलीला सांभाळण्यासाठी उभी राहिलेली पाहून त्यांचे मन भरून आले असल्यास नवल नाही.

त्यांनी गुरुवार दुपारची एक ते तीन ही वेळ घेतली. गुरुवारी त्यांना सुट्टी असे. पहिल्याच दिवशी त्यांनी पाहिले की वाचणारा ग्रंथ वेदीवर ठेवून जातो आणि पुढचा वाचणारा आपला कोट काढून, नाक पुसून, मग तो उचलतो. ते मंदिराच्या धर्मोपदेशिकेकडे, तिथल्या भाषेत दोमिने म्हणतात त्या बाईंकडे, गेले आणि संकोचत म्हणाले, "हे बरोबर नाही. हातातून हातात द्यायला हवं. पुढच्याचा पहिला शब्द सुरू झाला की मगच आधीच्याने थांबायचं." दोमिनेबाईंनी ते त्याच रविवारी सर्वांना सांगितले, आणि तेव्हापासून तो जाड ग्रंथ वेदीवर कधी टेकला नाही. भानुदासराव एक तास अडखळत डच वाचीत, आणि दुसरा तास नगरच्या एका वर्गमित्राने पाठवलेल्या मराठी प्रतीतून स्तोत्रे वाचीत. ती मराठी ऐकायला ख्रीत्येबाई मुद्दाम थांबत. "तुझी भाषा पावसासारखी पडते," असे त्या म्हणत. पण त्या हे आपल्या कुत्र्याच्या घोरण्याबद्दलही म्हणत असत.

घरी पत्नीला, कमलताईंना, हे सरळ पटले नाही. "आता पाण्यात बुडवून घ्यायचं तेवढं राहिलंय," त्या म्हणाल्या. "नाव काय ठेवणार आहेत? डॅनियल?"

"अगं, देऊळ आहे ते. देवळात कुणी नाव विचारतं का?"

कंपनीच्या उपाहारगृहात पुण्याहून आलेला राकेश अधिक स्पष्ट बोलला. "काका, आपण रांगेत उभं राहून आलो. परमिट, डिग्र्या, सगळं करून. ही बाई सरकारने नाही म्हटल्यावर पण बसूनच राहिली. चर्चने सरकारच्या कामात पडायचं कशाला?"

"ती पण रांगेतच आहे रे. नऊ वर्षं."

"तुम्हाला पासपोर्ट मिळालाय म्हणून बोलताय. माझं रिन्यूअल अडकलंय. मला त्या वाचणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये ॲड नका करू हां."

भानुदासरावांनी त्याला दोष दिला नाही. हाच प्रश्न त्यांनी दोमिनेबाईंना विचारला होता. त्या म्हणाल्या होत्या, "राज्य कायद्याने चालायला हवं, यात शंका नाही. आम्ही कायदा मोडत नाही. तो पुन्हा एकदा नीट वाचा, एवढं म्हणतो. तेवढा वेळ कुणीतरी दार धरून उभं राहायला लागतं." हे उत्तर त्यांना पुरेसे वाटले.

नोमिन पहिल्या बाकावर शाळेचा अभ्यास घेऊन बसे. तिचे शिक्षक आठवड्यातून दोनदा तिथेच येऊन शिकवीत. पोहण्याची दोन प्रमाणपत्रे तिला मिळाली होती. तिसऱ्याची परीक्षा डिसेंबरात होती, ती हुकली. भानुदासरावांचे वाचन संपले की ती त्यांच्या डच उच्चारांतल्या चुकांची यादी काढून बसे. त्यांना ती मेनेर, म्हणजे महाशय, म्हणे आणि ख्रीत्येबाईंना ओमा, म्हणजे आजी.

"मेनेर भानू, तुम्ही सत्तावीस चुका केल्या. मागच्या वेळी एकतीस होत्या."

"म्हणजे सुधारणा आहे."

"वाचताना शिंक आली तर काय करता?"

"शिंकायचं आणि पुढचा शब्द घ्यायचा."

"आणि बाथरूमला लागली तर?"

"नोमिन!" आतून ओयुन ओरडली.

"म्हणून तर दोन माणसं लागतात," भानुदासराव गंभीरपणे म्हणाले, आणि ती पोरगी बाकावर आडवी होऊन हसली.

असे चौदा गुरुवार गेले. फेब्रुवारीच्या मध्यावर, एका बुधवारी संध्याकाळी, गावाहून चुलतभावाचा फोन आला. नाना गेले. नाना म्हणजे भानुदासरावांचे सख्खे चुलते. वडील लवकर वारल्यावर ज्यांनी त्यांना शिकवले ते. दुसऱ्या दिवशी सकाळीच अंत्यविधी होता, पोहोचणे शक्य नव्हते. कमलताईंनी देवघराचा पडदा ओढला. दहा दिवस आता देवापुढे दिवा लागणार नव्हता. एनस्खेडेला तंत्रविद्यापीठात शिकणाऱ्या मुलीला, शर्वरीला, भानुदासरावांनी फोनवर सांगितले की तूही दहा दिवस देवळात जाऊ नकोस.

"बाबा, सीरियसली? डेथ तिकडे झाली. फोनमधून काय येतं का?"

"अगं, ते घाण म्हणून नसतं. घरातलं माणूस गेलं की आपण थोडं बाजूला बसायचं असतं."

"ओके. सॉरी अबाउट नानाआजोबा. रिअली," ती म्हणाली.

मग भानुदासरावांना आठवले की उद्या गुरुवार. कमलताई म्हणाल्या, "सुतकात देवळात जाणार तुम्ही?"

"तसं ते देऊळ नाही."

"मग इतके दिवस काय म्हणत होतात?"

गावी सुतक असलेला माणूस वीणेला हात लावीत नसे. लावला तर सबंध सप्ताहाला बाध येतो, असे नानांनीच त्यांना लहानपणी सांगितले होते. त्यांना स्वतःचे भय नव्हते. शंभरावर दिवस इतक्या माणसांनी अखंड राखलेले काहीतरी आपल्या स्पर्शाने डागाळेल आणि त्याचे फळ त्या मुलीला भोगावे लागेल, हे भय होते. त्यांनी जे केले ते हयगयीने केले नाही. नोमिनच्या भल्यासाठीच त्यांनी ग्रंथाला हात न लावण्याचे ठरवले.

सकाळी त्यांनी ख्रीत्येबाईंना फोन केला. बाईंची वेळ अकरा ते एक. "अरे देवा, तुझे काका," त्या म्हणाल्या. "तू घरी बस. मी तीनपर्यंत वाचते. मला काय होतंय? ओयुनने सूप केलंय."

बदली माणूस शोधायला अजून तीन तास होते. पण बाईंनी इतक्या सहज म्हटले, आणि गावी अशा वेळी आधीचा पहारेकरीच वीणा पुढे धरून ठेवी. म्हणून भानुदासरावांना वेगळे काही करावेसे वाटले नाही.

एक वाजला, दीड वाजला. त्यांना घरात बसवेना. आत जायचे नव्हते, पण ऐकायला कुणाची हरकत? पावणेदोनला ते रस्ता ओलांडून मंदिराच्या खिडकीखाली, पदपथावर उभे राहिले. थंडी होती. आठवडाभर कोपऱ्यावर उभी असणारी करडी मोटार आजही तिथे होती. तिची सर्वांना सवय झाली होती. काचेतून ख्रीत्येबाईंचा आवाज येत होता. सूप तसेच राहिले असणार, कारण आवाजात मध्येच एक पोकळी येऊ लागली. मग एक शब्द दोनदा आला. मग काहीतरी जड पडले आणि आवाज थांबला.

दार उघडले. नोमिन दारात होती. "मेनेर भानू! ओमा ख्रीत्ये पडली!"

भानुदासराव तीन पायऱ्यांपैकी दोन चढले आणि थांबले. तिथूनच त्यांनी रुग्णवाहिकेला फोन लावला, पत्ता सांगितला, वय सांगितले, मधुमेह आहे हेही सांगितले.

"आत या ना!"

"मला आज येता येत नाही, नोमिन. तू पुस्तक घे. जिथे थांबलंय तिथून वाच. मोठ्याने."

"मी कशी वाचू? आईने ओमाचं डोकं धरलंय, मला साखरेचं पाणी करायचंय. ही तुमची वेळ आहे!"

"माझ्या घरी मृत्यू झालाय. मी आत आलो तर..." त्यापुढचा डच शब्द त्यांच्यापाशी नव्हता.

"तर काय?"

ती उंबऱ्याबाहेर आली आणि त्यांची बाही धरायला तिने हात पुढे केला. तिला विटाळ होऊ नये म्हणून ते एक पायरी मागे उतरले. ती एक पायरी उतरली. ते आणखी मागे सरले, आणि ती पदपथावर आली. ते उंबऱ्याच्या आत गेले नाहीत, म्हणून ती बाहेर आली. जे घडले ते इतकेच होते. तिने त्यांची बाही धरली तेव्हा करड्या मोटारीची दोन्ही दारे उघडली होती.

ते दोघे अधिकारी साध्या वेषात होते. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांतली बाई नोमिनसमोर गुडघ्यावर बसली आणि तिच्याशी हळू बोलू लागली. पुरुषाने भानुदासरावांना विचारले, "आत उपासना चालू आहे का?"

उघड्या दारातून काही ऐकू येत नव्हते. आयुष्यात खोटे न बोललेल्या त्या माणसाने मान हलवली आणि म्हटले, "नाही."

ओयुन आपण होऊन बाहेर आली. तिने ख्रीत्येबाईंच्या डोक्याखाली गुडघे टेकायची उशी सरकवून ठेवली होती. लेकीचा हात अधिकाऱ्यांच्या हातात पाहून ती मागे वळली. आत जाऊन नोमिनचा कोट घेऊन आली. तो एकशे तिसरा दिवस होता.

ख्रीत्येबाई संध्याकाळपर्यंत शुद्धीवर येऊन इस्पितळातल्या जेवणाला नावे ठेवू लागल्या होत्या. झालेले कळले तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. "मी सूप प्यायला हवं होतं," एवढेच त्या दोन दिवस म्हणत राहिल्या.

वकिलांना एक आशा होती. मुलगी स्वेच्छेने बाहेर आली नाही, मदत मागायला आली, असे न्यायाधीशांना पटले तर अटक बेकायदा ठरू शकत होती. साक्षीदार एकच. भानुदासराव चार पाने लिहून घेऊन गेले. वकील वाचून म्हणाले, "तुम्ही आत का गेला नाहीत, हे ते विचारतील. पायरी निसरडी होती का? दुसरं काही?"

"नाही. कोरडी होती."

"म्हणजे, तुम्हाला स्पष्ट आठवतंय का?"

"तो सांगतोय तेच लिहा," दोमिनेबाई मध्येच म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांच्या उपदेशापेक्षा कठोर होता.

तसेच लिहिले गेले. सरकारी बाजूने तेच पान पुढे केले : ज्याची वाचण्याची पाळी होती तो स्वतःला आत येण्यास अपात्र मानून बाहेर उभा होता, वाचणारी बेशुद्ध होती, अर्थात उपासना खंडित झालेली होती. न्यायाधीशांनी ते मान्य केले. फेरतपासणीचा निकाल येण्याआधीच, बाराव्या दिवशी, मायलेकींना विमानात बसवण्यात आले. भेटायची परवानगी कुणालाच नव्हती.

तेराव्याच्या दिवशी गावाकडचे विधी फोनच्या पडद्यावर पाहून झाल्यावर भानुदासरावांनी गुरुजींना थांबवले. "गुरुजी, एक विचारायचं होतं. सप्ताह चालू असताना, मध्येच, वीणेकऱ्याला सुतक आलं तर?"

गुरुजी उपरणे सावरीत होते. "आधी संकल्प झालेला ना? मग नाही लागत. व्रत, यज्ञ, जप, एकदा आरंभ केला की त्याला सुतक नाही. शास्त्रच आहे तसं. आपल्याकडे लोक उगाच घाबरून वीणा सोडतात. का हो?"

"काही नाही. सहज."

गुरुजी म्हणाले ते खरे आहे. धर्मशास्त्रकारांनी आशौचाचे नियम बांधले तेव्हा ही वाट त्यांनी मोकळी ठेवली होती, कारण माणसांच्या आधारावर उभे असलेले कार्य मृत्यूच्या वार्तेने कोसळू नये हे त्यांनाही दिसत होते. भानुदासरावांना नियम पाठ होता, त्यातली ही करुणा त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचवली नव्हती. त्या दिवशी ते जेवले नाहीत. कमलताई पाटावरून उठल्या आणि म्हणाल्या, "मीच अडवलं तुम्हाला."

"तू अडवलं नाहीस. मी विचारलं नाही."

एप्रिलात प्रांतातल्या मंदिरांच्या मंडळींनी, वर्षानुवर्षे या देशात वाढलेल्या मुलांना परत पाठवू नये अशी मागणी घेऊन, नगरपालिकेच्या सभेत निवेदन दिले. दोमिनेबाईंनी भानुदासरावांना बोलायला सांगितले. राकेशने निरोप पाठवला : काका, नाव पेपरात येईल, सांभाळा. ते गेले. त्यांनी तीन मिनिटांत सगळे सांगितले, पायऱ्यांसह, स्वतःसह. काही वगळले नाही. एका सभासदाने सौजन्याने विचारले की त्यांची नेमकी अपेक्षा काय आहे.

"ती मुलगी परत यावी."

"ते या सभेच्या हातात नाही, मेनेर खेडकर."

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले आणि खाली बसले. ठराव दोन मतांनी मंजूर झाला आणि द हेगला पाठवण्यात आला. त्याची पोच आली आहे.

मे महिन्यात नोमिनचा फोन आला. ती भरभर डच बोलत होती. इतके दिवस ती भाषा बोलायला तिला कुणी मिळाले नव्हते. शाळेत तिला लिपी येत नाही म्हणून सात वर्षांच्या मुलांत बसवले होते. ओमा ख्रीत्ये बरी आहे का, तिने विचारले. तिचा कुत्रा कसा आहे, विचारले.

"मेनेर भानू, तुमचं ते संपलं का? घरी मृत्यू झाला होता ते?"

"हो. संपलं."

"किती दिवस असतं?"

"दहा."

"म्हणजे नंतर तुम्ही परत येऊन वाचणारच होता."

"हो, नोमिन. येणारच होतो."

"दहाच दिवस," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. एखादे गणित पडताळून पाहावे तशी ती म्हणाली. मग ती तिथल्या तलावाविषयी सांगू लागली, की त्यावर अजून बर्फ आहे आणि इथे कुणाला पोहता येत नाही. कमलताईंनी त्यांच्या हातून फोन घेतला आणि आपल्या मोडक्या डचमध्ये तिला विचारले, जेवलीस का.